अपुऱ्या राहिलेल्या कुस्त्या

गेल्या जून महिन्यांत शाळा उघडून चार दिवसही झाले नसतील, तोंच एक पालक सकाळीं आमच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभे राहिले. बोईसरच्या एका कारखान्यांत ते पाळीवर काम करितात. रात्रपाळी संपवून, घरीं न जातां, तसेच मासवणास आले होते. डोळे जागरणानें तांबारले होते. त्यांचा मुलगा आमच्याकडे नववींत आहे. अंगानें भरदार, स्वभावानें गरीब, गणितांत कच्चा. उन्हाळ्याच्या सुटींत तो घाटावर आजोळीं गेला असतां तेथील यात्रेच्या मैदानांत त्यानें दोन कुस्त्या मारल्या आणि इनामाच्या नोटा आईच्या हातांत आणून ठेविल्या. त्या नोटांनीं घरांतील सर्वांचीं मनें हालविलीं.

"मास्तर, पोराचा दाखला द्या," ते म्हणाले. "मामा म्हणतो, तालमींत टाकूं. वस्तादांशीं बोलणं झालंय."

"तेथें शाळेची सोय आहे काय?" आम्हीं विचारलें.

"शाळा कशाला, मास्तर? दोन्ही होत नाही. पैलवानकी करायची तर पैलवानकीच करावी. आणि शिकून तरी शेवटीं कंपनीच्या दारांतच उभा राहायचा ना?"

ह्या शेवटल्या प्रश्नास आमच्यापाशीं त्या वेळीं उत्तर नव्हतें. आमच्या सूर्या नदीचें पाणी मासवणाहून मोठमोठ्या नळांतून वसई-विरारकडे जातें, तशींच आमचीं धट्टींकट्टीं मुलें दहावी होतांच बोईसर-तारापूरच्या कारखान्यांकडे वाहत जातात, हें आम्ही वर्षानुवर्षें पाहत आलों आहों. दाखला मागणें हा पालकांचा हक्क आहे. तो अडविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. म्हणून आम्हीं विनंति केली कीं, दिवाळीपर्यंत थांबा. भला माणूस, थांबला. त्या दिवशीं जें उत्तर सुचलें नाहीं तें येथें लिहीत आहों. लिहितां लिहितां मात्र असें ध्यानांत आलें कीं, त्यांतील निम्मेंअधिक उत्तर त्या पालकांस नसून आम्हां शिक्षकमंडळीसच आहे.

आपल्या लोकांत पैलवानाविषयीं एक ठरलेलें मत आहे. तो पंचविशीपर्यंत गाजतो, तिशींत सुटतो, आणि चाळिशींत कोठें तरी दाराशीं दंडुका घेऊन राखणीस बसलेला दिसतो. असें कां झालें म्हणून विचारलें तर लोक सांगतात, त्याची अक्कल गुडघ्यांत. अंग कमावलें, डोकें कमावलें नाहीं. किंवा संगत बिघडली. आम्हीही पुष्कळ दिवस असेंच समजत होतों. परंतु ज्या मल्लांच्या हकीकती सर्वांस ठाऊक आहेत त्या नीट पाहिल्या, तर हा दोष इतक्या सहजपणें त्यांच्या माथीं मारतां येत नाहीं.

सर्वांत मोठ्या नांवापासूनच आरंभ करूं. कऱ्हाडजवळ गोळेश्वर म्हणून गांव आहे. तेथें १५ जानेवारी १९२६ रोजीं खाशाबा दादासाहेब जाधव ह्यांचा जन्म झाला. वडील स्वतः मल्ल होते व त्यांनींच मुलास मातींत उतरविलें. पण मातींत उतरविलें म्हणून त्यास शाळेंतून काढिलें नाहीं. खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत शिकले आणि पुढें कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत गेले. उंची जेमतेम साडेपांच फूट, अंग लहान. कॉलेजच्या वार्षिक सामन्यांत नांव देण्यास ते गेले, तेव्हां खेळांच्या शिक्षकानें हा किरकोळ मुलगा पाहून त्यास परत पाठविलें, अशी हकीकत सांगतात. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. प्राचार्यांनीं मुलास उतरूं द्या म्हणून सांगितलें, आणि त्यानें आपल्याहून थोराड गडी एकामागून एक पाठीवर घातले.

ह्या हकीकतीपाशीं आम्ही नेहमीं थबकतों. त्या क्रीडाशिक्षकाचा आम्हांस राग येत नाहीं. त्याच्या जागीं आम्ही असतों तर आम्हीही तेंच केलें असतें. दुखापत झाल्यास जबाबदारी कोणाची, हा विचार शिक्षकाच्या मनांत सर्वांआधीं येतो. आम्हांस आश्चर्य वाटतें तें प्राचार्यांचें.

१९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत खाशाबा गेले, तेव्हां खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनीं उचलिला होता. तेथें त्यांचा सहावा क्रमांक आला. लाल मातींत वाढलेल्या मल्लास गादी नवी, नियम नवे, घड्याळाच्या कांट्यावर खेळावयाची कुस्ती नवी. रीस गार्डनर नांवाच्या अमेरिकन मल्लानें त्यांस थोडे दिवस शिकविलें, आणि एवढ्या तयारीवर जगांत सहावा! पुढलीं चार वर्षें त्यांनीं मेहनत केली. १९५२ च्या निवडीच्या वेळीं त्यांस एका गुणानें मागें ठेवण्यांत आलें. त्यांनीं पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हां कुस्ती लागली, व ते जिंकले. मग प्रश्न उभा राहिला तो पैशाचा. सरकारांतून पुरेशी मदत मिळाली नाहीं. गोळेश्वरच्या व आसपासच्या लोकांनीं वर्गणी काढिली, ती अपुरी पडली. तेव्हां प्राचार्य खर्डेकरांनीं आपलें राहतें घर ७,००० रुपयांस गहाण ठेविलें.

हेलसिंकीस ५७ किलो वजनांत खाशाबांनीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस हरविलें. जपानच्या इशीबरोबरची कुस्ती फार वेळ चालली आणि ती अगदीं थोडक्यानें गेली. ती संपते न संपते तोंच त्यांस रशियाच्या मामेदबेकोव्हबरोबर उतरण्यास सांगण्यांत आलें. दोन कुस्त्यांमध्यें अर्ध्या तासाची विश्रांति मिळावी असा नियम होता. परंतु तो नियम पंचांपुढें मांडणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळीं आखाड्याजवळ नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीस सुवर्णपदक, मामेदबेकोव्हास रौप्य, खाशाबांस कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारतास एकट्या खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. दुसरें मिळण्यास १९९६ साल उजाडावें लागलें.

परत आल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हें पुष्कळांस माहीत आहे. त्यापुढें खाशाबांनीं कोल्हापुरांत कुस्त्या लावल्या, जिंकल्या, आणि त्या पैशांतून प्राचार्यांचें घर सोडविलें, हें कमी लोकांस माहीत आहे. पुढच्या ऑलिंपिकच्या आधीं गुडघा दुखावला व ती वाट बंद झाली. १९५५ पासून ते पोलीसखात्यांत होते. फौजदार म्हणून लागले, साहाय्यक आयुक्त होऊन निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर कित्येक वर्षांनीं.

कोणी म्हणेल, ज्यानें ऑलिंपिक पदक आणिलें त्यास अपुरा राहिलेला मल्ल कसें म्हणावें? आम्ही म्हणतों. त्या दिवशीं त्यांस तो अर्धा तास मिळता तर पदकाचा रंग बदलता कीं नाहीं, हें कोणीही सांगूं शकणार नाहीं. पण तो अर्धा तास मागणारा माणूस शेजारीं नव्हता, एवढें निश्चित. त्यांत खाशाबांच्या अकलेचा, संगतीचा किंवा मेहनतीचा कांहीं दोष होता काय?

त्याच हेलसिंकीस त्यांच्याबरोबर कोल्हापूरचे केशव माणगावे गेले होते. त्यांच्या वजनांत त्यांचा चौथा क्रमांक आला. जगांतील चौथा मल्ल ही लहान गोष्ट नव्हे. पण चौथ्यास पदक नाहीं, मिरवणूक नाहीं, आणि पाठ्यपुस्तकांत धडाही नाहीं. आम्हीं आमच्या दहावीच्या वर्गांत हें नांव विचारून पाहिलें. कोणासही ठाऊक नव्हतें. खरें सांगावयाचें तर दोन वर्षांपूर्वीं आम्हांसही ठाऊक नव्हतें.

आतां मूळ प्रश्न. ज्या प्रांतांत गांवोगांव तालमी, जेथें राजर्षि शाहू महाराजांनीं १९१२ मध्यें खासबागेसारखें मैदान उभें केलें, त्या प्रांतास कुस्तींत १९५२ नंतर एकही ऑलिंपिक पदक कां मिळूं नये? २००८ पासून सुशीलकुमार, योगेश्वर, साक्षी, रवि, बजरंग, अमन अशीं जीं नांवें आपण ऐकतों तीं सर्व दिल्ली-हरियाणाकडचीं. महाराष्ट्राच्या खेळाडूस एकट्याच्या बळावर पदक मिळालें तें थेट २०२४ सालीं पॅरिसला. स्वप्निल कुसाळे, गांव कोल्हापूर जिल्ह्यांतच, परंतु खेळ बंदुकीचा. बहात्तर वर्षें लागलीं.

आमच्या मतें पहिलें कारण पोटाचें आहे. संस्थानें होतीं तोंपर्यंत मल्लाच्या खुराकाची चिंता दरबार वाहत असे. १९४९ सालीं कोल्हापूर संस्थान विलीन झालें आणि तो आश्रय गेला. पुढें सहकारी साखर कारखान्यांनीं मल्लांस मानधन देण्यास आरंभ केला, हें त्यांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. पण मानधन थोड्यांस, आणि दूध, तूप, बदाम, थंडाई तर सर्वांस रोजची. म्हणून मल्लास यात्रांच्या फडांवर हिंडावें लागतें. आज ह्या गांवीं, उद्यां त्या. हलगी वाजते, फेटा बांधतात, नोटा उधळतात; मुलाच्या डोळ्यांपुढें दुसरें कांहीं राहत नाहीं. ह्या कुस्तींत दोन्ही खांदे जमिनीस टेकले कीं निकाल. ती पाहण्यास गोड आहे, आणि आम्ही स्वतः तिचे चाहते आहों. एकचाक, ढाक, धोबीपछाड ह्यांसारखे डाव मातींत जसे खुलतात तसे गादीवर खुलत नाहींत असें आमचें मत आहे. परंतु जगाची कुस्ती गुणांवर आणि मिनिटांवर चालते. विसाव्या वर्षापर्यंत मातींत राहिलेला गडी मग गादीवर जातो, तो पाहुण्यासारखा.

दुसरें कारण आम्हांस अधिक बोंचतें, कारण तें आपल्याच अभिमानांत दडलेलें आहे. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची गदा दिली जाते. ती मिळविणें ही प्रत्येक तालमींतील मुलाची पराकाष्ठा. ह्या गदेचा गट आज ८६ ते १२५ किलोंचा आहे. मातींतला विजेता व गादीवरचा विजेता ह्यांची शेवटीं गांठ पडते. म्हणजे गौरव, मोटारगाडी, वर्तमानपत्रांतील छायाचित्र, हें सर्व जड वजनाच्या वाट्यास. लहान वजनांच्याही कुस्त्या तेथें होतात, पण त्या पाहण्यास कितीजण थांबतात? ज्याची पिंड सत्तावन्न किलोंची तो एक तर वजन चढविण्याच्या मागें लागतो, किंवा मनांतून खचतो. वाचकांनीं क्षणभर विचार करावा: खाशाबा जाधव आज असते, तर त्यांस ह्या गदेच्या गटांत उभेंही राहतां आलें नसतें! मराठी मल्लांत जो सर्वांत थोर, तोच आमच्या सर्वांत मोठ्या मानाच्या वजनांत बसत नाहीं. ह्याचें कोणास कांहींच वाटूं नये ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

लातूर जिल्ह्यांतील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ सालीं महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० सालीं एडिंबरोच्या राष्ट्रकुल सामन्यांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. दिल्लीचा बलाढ्य मल्ल सत्पाल ह्यास बेळगांवच्या मैदानांत त्यांनीं अस्मान दाखविलें, ती कुस्ती पाहिलेले लोक अजूनही ती डावासकट सांगतात. पुढें दोघेही गुरु झाले. सत्पालांनीं दिल्लीस छत्रसाल स्टेडियमांत लहान लहान मुलें गोळा केलीं, गाद्या अंथरल्या, वजनावारी जोड्या लाविल्या. बिराजदारांनीं पुण्यास गोकुळ वस्ताद तालमींत मुलें घडविलीं. सत्पालांचा शिष्य सुशीलकुमार ऑलिंपिकचीं दोन पदकें घेऊन आला. बिराजदारांचा शिष्य, बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचा राहुल आवारे, २०१८ सालीं राष्ट्रकुल सामन्यांत सुवर्णपदक मिळवून आला व तें त्यानें दिवंगत गुरूंस वाहिलें. २०१९ सालीं जागतिक स्पर्धेंत ६१ किलो वजनांत कांस्यही आणिलें. पण ६१ किलो हें वजन ऑलिंपिकमध्यें नाहीं. ऐन उमेदीच्या वर्षांत, २०१२ व २०१६ सालीं, निवडीच्या दारावरून तो परतला होता. ऑलिंपिकच्या गादीवर त्याचा पाय लागलाच नाहीं. वस्तादांच्या बाबतींत आम्ही सत्पालांस बिराजदारांहून मोठे मानीत नाहीं. मातींत तर उलटाच निकाल लागला होता. फरक पडला तो सभोंवतालच्या व्यवस्थेंत.

मुंबईच्या नरसिंग यादवाची हकीकत तर ह्याहून विलक्षण. जोगेश्वरीच्या बाजूस वाढलेला हा मुलगा २०११, २०१२ व २०१३ अशीं लागोपाठ तीन वर्षें महाराष्ट्र केसरी झाला. २०१५ सालीं जागतिक कांस्यपदकासह त्यानें रिओ ऑलिंपिकची जागा मिळविली. मग त्याच जागेसाठीं न्यायालयांत वाद गेला, तो त्यानें जिंकला. नंतर उत्तेजक द्रव्याच्या चांचणींत दोष निघाला. कोणीतरी खाण्यापिण्यांत कालविलें असें त्याचें म्हणणें देशांतील मंडळानें मानलें, आंतरराष्ट्रीय लवादानें मानलें नाहीं, आणि ऑगस्ट २०१६ मध्यें, कुस्तीच्या अगदीं तोंडावर, चार वर्षांची बंदी आली. त्या प्रकरणांत खरें काय घडलें ह्याचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षीं मल्लाच्या आयुष्यांतून चार वर्षें वजा झालीं म्हणजे पाठीमागें काय उरतें, एवढाच हिशेब विद्यार्थ्यांनीं करून पाहावा.

आणि जोडच न मिळणें, हाही एक प्रकार आहे. गामा पैलवान १९१० सालीं लंडनास गेला, झबिस्कोबरोबर त्याची कुस्ती जवळजवळ तीन तास चालून अनिर्णित राहिली. पुढच्या शनिवारीं झबिस्को आलाच नाहीं. गॉच व हॅकेनश्मिट हे त्या काळचे जगज्जेते. त्यांच्याशीं गामाचा हात कधींच मिळाला नाहीं. झबिस्कोशीं पुन्हां गांठ पडली ती १९२८ सालीं पतियाळास, अठरा वर्षांनीं, व ती कुस्ती एका मिनिटाच्या आंत संपली. म्हणजे १९१० चा गामा किती मोठा होता, हें पाहण्याची वेळ जगानें दवडली.

आम्ही मल्लांची वकिली करीत आहों असें वाटूं नये म्हणून दुसरी बाजूही सांगतों. कांहीं गडी स्वतःच्याच हातानें बुडाले आहेत. ठरवून खेळलेली नुरा कुस्ती हा त्यांतील सर्वांत वाईट रोग. एकदां पैसे घेऊन जोडीदारास सोडलें कीं दुसऱ्या खेपेस अंगच विसरतें कीं खरी झुंज म्हणजे काय. मोठा झाल्यावर वस्तादाचें न ऐकणें, मेहनत सोडून खुराक चालू ठेवणें, पुढाऱ्यांच्या मागें मोटारींतून हिंडणें, हीं उदाहरणें प्रत्येक तालमींत सांपडतील. पण अशा मल्लाची कथा सांगावयास फारसें कांहीं नसतें. ती ऐकणाऱ्यास आधींच ठाऊक असते.

येथें आम्हांस आमचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. बारा-तेरा वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका शाळेंत होतों. आमच्या वर्गांत एक मुलगा होता. पाड्यावरून रोज डोंगर उतरून येई. भाताचे भारे वाहून त्याची मान व खांदे असे झाले होते कीं कुस्तीचे शिक्षण नसतांही तो तालुक्यांत व जिल्ह्यांत आपल्या वजनांत पहिला आला. विभागाचा सामना आणि सहामाही परीक्षा एकाच आठवड्यांत आली. तो रजेचा अर्ज घेऊन आला. आम्ही वर्गशिक्षक. आम्हीं त्यास परीक्षेचें महत्त्व समजावून सांगितलें, आणि अर्ज परत दिला. तो कांहीं बोलला नाहीं. परीक्षेस बसला, दोन विषयांत नापास झाला, आणि दिवाळीनंतर शाळेंत आलाच नाहीं. गेल्या वर्षीं बोईसर स्थानकाबाहेर तो भेटला. मालगाडीवर पोतीं चढविण्याउतरविण्याचें काम करितो. त्यानें आम्हांस ओळखलें, वांकून नमस्कार केला, आणि "सर, चहा घेणार?" म्हणून विचारलें. आम्हीं घेतला. त्यानें पैसे देऊं दिले नाहींत. तो मोठा मल्ल झालाच असता असें आम्ही म्हणत नाहीं. कदाचित् विभागांत पहिल्याच फेरींत हरला असता. परंतु तें कळण्याचा एकच दिवस होता, आणि तो आम्हीं त्याच्यापासून काढून घेतला. प्राचार्य खर्डेकरांची गोष्ट वाचतांना आम्हांस तो चहा आठवतो.

आतां त्या पालकांच्या प्रश्नाकडे येऊं. पैलवानकी करायची तर पैलवानकीच करावी, असें तुम्ही म्हणालां. तुमच्या मुलाच्या अंगांत गुण आहे हें आम्हांस मान्य आहे, आणि त्यास कुस्तीपासून परावृत्त करण्याची आमची इच्छा नाहीं. पण व्यवहार पाहा. शालेय कुस्तीचे सामने चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील मुलांसाठीं तालुक्यापासून राष्ट्रापर्यंत चढत जातात, ते गादीवर होतात, आणि त्यांत प्रवेश शाळेच्या नांवानें, मुख्याध्यापकांच्या सहीनें मिळतो. दाखला काढून मुलगा शाळेबाहेर राहिला कीं ही शिडी त्याच्यापुढून उचलली गेली. राहिल्या त्या यात्रेच्या कुस्त्या. दुसरें, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं राखून ठेविलेल्या जागा आहेत, पण पोलीसशिपायाच्या भरतीस देखील बारावी उत्तीर्ण लागतें. खाशाबा पोलीसखात्यांत गेले, राहुल व नरसिंगही गेले. गुडघा दुखावल्यावर, बंदी आल्यावर, निवड हुकल्यावर त्यांच्या पायांखालीं उभे राहण्यास जमीन होती. तुमच्या मुलाचा गुडघा विसाव्या वर्षीं गेला, तर तो नववी नापासाच्या कागदावर कोठें उभा राहील? तुम्हीं विचारलेंत कीं शिकून शेवटीं कंपनीच्या दारांतच ना? न शिकतां त्याच दारांत, आणि तेंही ठेकेदाराच्या हाताखालीं.

तिसरी वाटही आहे. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. तेथें निवडलेल्या मुलांस राहणें, जेवण, शिक्षण व खेळ एकत्र मिळतात. स्वप्निल कुसाळे नाशिकच्या प्रबोधिनींतूनच पुढें आला. निवडीची चांचणी कठीण असते, पण देऊन पाहण्यास काय हरकत? मुलाचा मामा ज्या तालमीविषयीं बोलतो ती चांगली असेलही. तेथें गादी आहे काय, मुलाच्या वजनाची जोड आहे काय, आणि सकाळच्या मेहनतीनंतर मुलें शाळेंत जातात कीं झोंपतात, हे तीन प्रश्न वस्तादांस स्वतः जाऊन विचारा. उत्तरें समाधानकारक असलीं, आणि मुलाचें नांव तेथील शाळेंत घातलें जाणार असेल, तर आम्ही दाखल्यावर आनंदानें सही करूं.

आणि वजन वाढवूं नका. मामा म्हणेल, केसरी व्हायचें तर शंभर किलो पाहिजेत. मुलाची हाडापेराची ठेवण पाहून सांगतों, तो सत्तरांच्या पुढें नीट जाणार नाहीं. जाऊं नये.

हें सर्व त्या गृहस्थांस दिवाळीपूर्वीं तोंडीं सांगण्याचा योग आला. ते पुन्हां रात्रपाळी करून आले होते. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बघूं, मास्तर. एक वर्ष काढूं." दाखल्याचा अर्ज त्यांनीं खिशांत ठेविला, फाडला नाहीं, हें आम्हीं पाहिलें.

तालुक्याच्या सामन्याची तारीख आली ती नेमकी गणिताच्या चांचणीच्या दिवशीं. आमच्या गणिताच्या शिक्षकांस आम्हीं मुलाची चांचणी दुसऱ्या दिवशीं घेण्यास विनविलें. त्यांनीं चष्मा काढून आमच्याकडे पाहिलें आणि विचारलें, "पण हा पास तरी होणार आहे काय?" तें आम्हांस सांगतां आलें नाहीं. प्रवेशपत्रावर मुख्याध्यापकांची सही झाली, शिक्का बसला. मुलास सकाळच्या पहिल्या बसनें पालघरास जावयाचें होतें. वजन सात वाजतां होणार होतें, आणि त्यापूर्वीं त्यानें कांहीं खाऊं नये म्हणून त्याच्या आईस आम्हीं निरोप धाडला. ती मात्र भाकरी बांधून देणारच होती, कुस्ती झाल्यावर खाण्यासाठीं.